आठ नंबरची सवाष्ण

मुलचेऱ्याच्या बाजारात माझ्या दुकानासमोर एक म्हातारी पांढरं लुगडं नेसून, उघड्या मनगटांनी मासा-भात खात बसलेली दिसली, तर समजा ती कमलाबाई. डबा मांडीवर, पाठ भिंतीला, काटे काढून झाकणावर ठेवलेले. तिच्याच बंगाली कॅम्पातल्या बायका बाजाराला येतात, तिला पाहतात आणि पलीकडच्या बाजूने निघून जातात. मासे त्या आता दुसऱ्याकडून घेतात, शिळे असले तरी. आमची मराठी माणसं मात्र अजून तिच्याकडेच येतात, कारण त्यांना त्यातलं काही कळत नाही आणि तिचा मासा ताजा असतो. मला कळतं. मी तिथे होते. म्हणून सांगते, नाहीतर लोकांच्या तोंडाला काय हात लावणार!

मी संघप्रिया. चौकात माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. मूळची नागभीडची, लग्न होऊन इकडे आले. माझा नवरा राजदीप शाळेत मास्तर होता. तो काविळीने गेला, तेव्हापासून दुकान मीच चालवते. तो गेला तेव्हा माझ्या हातातल्या बांगड्यांना कुणी हात लावला नाही. माझ्या सासूनेच दारात उभं राहून सांगितलं होतं की बाबासाहेबांच्या लेकरांच्या घरात हे चाळे चालणार नाहीत. तरी हिरवी साडी नेसून दुकानात बसले की बघणाऱ्यांच्या नजरा बघायच्याच. बघा बाबांनो, डोळे तुमचे आहेत.

कमलाबाईची आणि माझी ओळख भांडणातून झाली. एका बाजाराच्या दिवशी शटर उघडते तर समोर ओलं गोणपाट, त्यावर रोहू, कटला, एका घमेल्यात वळवळणारे मरळ, आणि पायाखाली वाकडी विळी धरून बसलेली ही बाई. भांगात कपाळापासून टाळूपर्यंत सिंदूर, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या आणि त्यांच्या शेजारी लाल बांगडी. बंगाली सवाष्णीचं हे लेणं, आपल्याकडच्या मंगळसूत्रासारखं. मी म्हटलं, "बाई, इथी नका बसू. माह्या दुकानात वास येते."

तिने मरळाचं डोकं एका झटक्यात उडवलं आणि वर न बघता म्हणाली, "वास तं माणसाचाबी येते, मास्तरीणबाई. मी सांगतो का तुले, दुकान बंद कर म्हणून?"

स्वतःबद्दल ती पुरुषासारखं बोलायची. मी आलो, मी बसलो, मी थकलो. बंगालीत बाई-माणसाचं क्रियापद वेगळं होत नाही म्हणतात, आणि तिने आमची झाडी बोली बाजारात शिकलेली, शाळेत नाही. तेवढं सोडलं तर बोलायला आमच्यासारखीच, आणि तोडायला आमच्याहून जास्त. महिनाभर आम्ही भांडलो. मग एकदा पावसात मी तिला शटरच्या आत बसवलं, आणि संध्याकाळी जाताना तिने झिंगे दिले. झिंग्यांपुढे माझा काही इलाज चालत नाही.

तिचं गाव आठ नंबर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली लोकांना सरकारने आमच्या जंगलात वसवलं, तेव्हा झाडं तोडून गावं पाडली आणि त्यांना नंबर दिले. पुढे त्या गावांना चांगली नावं मिळाली, ग्रामपंचायत आली, शाळेत मुलं मराठीत कविता म्हणू लागली. लोक मात्र अजून कॅम्पच म्हणतात. तिसरी पिढी इथल्या मातीत जन्मली तरी आमच्या लेखी ते बंगालीच. इथल्या गोंडांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांचं जंगल गेलं. या लोकांनाही कुणी विचारलं नव्हतं. पाण्यातली माणसं उचलून सागाच्या बुंध्याशी आणून ठेवली. कमलाबाई तेव्हा शेंबडी पोर. ती सांगायची की घराच्या भिंती उभ्या राहायच्या आधी त्यांच्या बापांनी तळं खोदलं. लोक हसले, म्हणाले, राहायला छप्पर नाही आणि हे खड्डा खणून राहिले. त्या तळ्यातला मासाच आज आम्ही विकत घेऊन खातो.

तिचं लग्न कॅम्पातच झालं. मुलगा झाला, परितोष. तो रांगत होता, तेव्हा सगळ्या कॅम्पांत एक वारं उठलं की सुंदरबनाकडे जमीन आहे, नद्या आहेत, आपल्यासारखी माणसं आहेत. अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. लोकांनी बैल विकले, भांडी विकली आणि निघाले. कमलाबाईचा नवराही निघाला. परितोषला मलेरियाचा ताप होता, म्हणून नवरा म्हणाला, मी पुढे जातो, जागा धरतो, मग तुम्हाला न्यायला येतो. गेला तो गेला. पुढे बरेच लोक हात हलवत परत आले. तो आला नाही.

त्यांच्यात रीत अशी की नवरा परागंदा झाला तर बारा वर्षं वाट बघायची. मग गवताचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि बाईने बांगड्या फोडून पांढरं नेसायचं. विधवेने मासा खायचा नाही. आता तरुण बायका घरात काय खातात ते त्यांनाच माहीत, पण चारचौघांत नाही. कमलाबाईची बारा वर्षं भरली तेव्हा कॅम्पाचे गोसाई, म्हणजे त्यांच्यात धर्माचं बघणारे म्हातारे, घरी आले. कमलाबाईने त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि सांगितलं, "माणूस जित्ता हाय. मले ठाऊक हाय. जित्त्या माणसाले आग लावाल का?"

गोसाई परत गेले. दोनदा आले, दोनदा परत गेले. आणि मग हळूहळू त्याचं उलटंच झालं. बाई नुसती हट्टी नाही, सती आहे असं कॅम्पात म्हणू लागले. इतकी वर्षं एकही सकाळ बिनसिंदुराची नाही! लग्न कुणाकडेही असो, नवरीच्या भांगात पहिला सिंदूर कमलाबाईने घालायचा असा पायंडा पडला. आठ नंबरचंच नाही, आजूबाजूच्या कॅम्पांतूनही तिला बोलावणं यायचं. मी चिडवायची, "नवरा घरी नाई अना एवढी मोठी सवाष्ण! मी तं जन्मात नाई पाह्यली."

ती म्हणायची, "नवरा घरी असते तं भांडण होते. नसते तं मान होते."

आणि आम्ही दोघी हसायचो. मला वाटायचं, ही बाई मजेत आहे. मान आहे, कमाई आहे, परितोषसारखा शांत मुलगा आहे, रिनासारखी हुशार सून आहे. पण दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती भिंतीला टेकून डोळे मिटायची, आणि त्या वेळचा तिचा चेहरा बघवत नसे. पहाटे तळ्यावर जायचं, जाळं ओढायचं, टोपली डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत यायचं, हे सगळे करतात. त्याने माणूस दमतो आणि झोपला की पुन्हा ताजा होतो. हिचा थकवा झोपेने जाणारा नव्हता. "कमलाबाई, बरं नाई का?" विचारलं तर म्हणायची, "बरा हाय. नुसता थकलो."

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या घरी एक पाहुणा आला. तिच्या नवऱ्याच्या भावकीतला पुतण्या, तिकडे सुंदरबनाच्या बाजूला वाढलेला, नागपूरला बांधकामावर मिस्त्री म्हणून आलेला. फोनाफोनीत कळलं की आपलं कुणी गडचिरोलीकडे आहे, म्हणून हौसेने भेटायला आला. पुढचं मला रिनाने सांगितलं. जेवायला बसले होते. पोरगा सहज बोलून गेला की काका तर तिकडे पोचले त्याच साली तापाने गेले, आजोबा नेहमी आठवण काढायचे. त्याला बिचाऱ्याला वाटलं, यांना माहीत असणार. सगळ्यांचे हात ताटात थांबले.

"आईनं घास खाली ठेवला," रिना म्हणाली. "उठली, हात धुतले अना पाहुण्याले म्हणते, भात घे अजून. रडली नाई."

धक्का बसला असेल असं सगळ्यांनी धरलं. पण दुसऱ्या दिवसापासून कॅम्पात दुसरंच सुरू झालं. नवरा इतक्या वर्षांपूर्वी गेला, म्हणजे बाई इतकी वर्षं विधवा. आणि विधवेच्या हाताने कॅम्पातल्या निम्म्या लग्नांत पहिला सिंदूर पडला! कुणाचा नवरा दारू पितो, कुणाची मुलगी माहेरी परत आली, कुणाला मूल नाही, सगळ्यांना एकदम कारण सापडलं. माधवी नावाची एक बाई आहे, पंचेचाळीसच्या आतबाहेर. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी रोवण्याच्या दिवसांत तिच्या नवऱ्यावर धानाच्या बांधीत वीज पडली. सगळ्या बायका आता तिच्याकडेच बघत होत्या म्हणे.

आताचे गोसाई शहाणा माणूस. त्यांनी तोड काढली. न कळत घडलं त्याला दोष नाही. परितोष गवताच्या माणसाला अग्नी देईल, विधवा बायका कमलाला तळ्याच्या घाटावर नेतील, तिथे तिने तुळशीला हात लावून सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं की मला माहीत नव्हतं. मग कुठल्याच लग्नाला बाधा नाही. सगळ्यांचं समाधान झालं.

"एक कमलाआईच हो म्हणून नाई राह्यली," रिना म्हणाली. "मास्तरीणबाई, तुमचं आयकते ते. समजवा ना तिले. नाई बोलली तं आमाले कॅम्पात राहणं कठीण होईल. माह्या लग्नातबी तिनंच सिंदूर घातला होता. माह्या माहेरचे आतापासूनच विचारून राह्यले."

मी म्हटलं पाठव तिला. मला वाटलं, एवढीशी तर गोष्ट.

ती आली तेव्हा बाजाराचा दिवस नव्हता. टोपली नाही, विळी नाही. मोकळ्या हातांची कमलाबाई मी पहिल्यांदाच बघत होते. शटरच्या आत स्टुलावर बसली. मी चहा मागवला. आणि सुरुवातच केली, "कमलाबाई, सांगून टाका ना. मले माहीत नव्हतं, एवढंच तं म्हणा लागते. का जाते तुमचं?"

ती म्हणाली, "मले माहीत होतं."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

मग तिने सांगितलं. नवरा सुंदरबनाकडे गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, भर दुपारी ती तळ्यावर जाळं धूत होती. पलीकडच्या कॅम्पातला एक माणूस तिकडून परत येत होता, पायात चप्पल नव्हती. पाणी प्यायला थांबला. तिला ओळखलं. म्हणाला, तुझ्या माणसाला ताप आला, तिकडे डॉक्टर नव्हता, नदीकाठीच जाळला. तिने पदरातले मुरमुरे त्याला दिले आणि पाया पडून सांगितलं, दादा, हे कुणाला बोलू नको. तो माणूस बोलला नाही. पुढे तोही वारला.

"काऊन पण?" मी विचारलं.

"तू काऊन विचारते? तुले सासू चांगली भेटली म्हणून विचारते." ती चिडून बोलली आणि मग सांगू लागली. "त्याच्या आदल्या साली आमच्या कॅम्पात एक पोरगी विधवा झाली. माह्याएवढीच. सासरच्यायनं तिले बापाकडं धाडून देल्लं, तिकडं ओडिशाच्या कॅम्पात. अना लेकरू ठेवून घेतलं. वंश त्यायचा म्हणते. ते ट्रकवर बसून वरडत गेली, मी पाह्यलो. माहा परितोष तवा माह्या कमरेवर होता. मी ठरवलो. वाट पाहणाऱ्या बाईले कोणी हाकलत नाई."

बाहेर कुणी तरी आधारकार्डाची झेरॉक्स मागत होतं, त्याला मी हातानेच नंतर ये म्हटलं.

"पोरगा मोठा झाल्यावर तरी सांगायचं होतं."

"तवा पोरगा बसकडं धावायचा," ती म्हणाली. "रस्त्यावर बस थांबली का धावत जायचा, बाबा आला म्हणून. मी म्हणायचो, आज नाई आला, उद्या येईल. किती वर्षं म्हणालो. त्याले कसा सांगू? मग मानसन्मान सुरू झाला. लोक पाया पडायला लागले. एक खोटं बोललो, त्याच्यावर लोकायनं मंदिर बांधलं. आता त्याच्यातून बाहेर कसा निघू?"

"तसंबी निभलंच ना आतापर्यंत. अजून एक वाक्य बोला अना मोकळे व्हा."

मी हे मनापासून म्हटलं. आजही मला वाटतं की मी चुकीचं म्हटलं नव्हतं. खरं बोलून कुणाचं पोट भरतं? तिची सून, तिची नातवंडं, तिचं तळं, सगळं त्या एका वाक्यावर अडलं होतं.

कमलाबाई हातातल्या शंखाच्या बांगड्यांकडे बघत होती. त्या पिवळट पडल्या होत्या आणि मनगटाच्या मांसात रुतल्या होत्या.

"मी रोज सकाळी मेलेल्या माणसाच्या नावानं सिंदूर घातलो, बाई. रोज. अना रडलो नाई. एक दिवस नाई. रडलो असतो तं लोकायले कळलं असतं. आता गवताचा माणूस जळंल, तवा मी रडलो तं लोक म्हणतील, आज कळलं म्हणून रडून राह्यली. तेबी खोटंच होईल. थकलो मी."

मला रडू आलं, आणि मला असं दुकानात रडायला आवडत नाही. मी तिच्यावरच ओरडले की चहा थंड झाला, प्या आधी.

विधी ठरला त्या दिवशी मी ऑटो करून आठ नंबरला गेले. खरं तर माझं तिथे काय काम? ना जातीची ना गोताची. पण रिनाने बोलावलं होतं, आणि नसतं बोलावलं तरी मी गेले असते.

नाल्याच्या काठावर गवताचा माणूस आडवा ठेवला होता. त्याला नवं धोतर नेसवलं होतं. डोक्याच्या जागी नारळ होता. परितोषने अग्नी दिला. आईसारखाच बुटका, केस पांढरे व्हायला लागलेला, कॅम्पात सायकली दुरुस्त करणारा माणूस. आयुष्यभर ज्या बापाची वाट बघितली, तो त्याला असा गवताचा मिळाला. गवत पटकन पेटलं आणि पटकन संपलं. परितोष रडला नाही. तो गोसाईंकडे बघत होता, आता पुढे काय करायचं म्हणून.

मग बायका तळ्याकडे निघाल्या. घाट म्हणजे चार दगडी पायऱ्या आणि बाजूला कदंबाचं झाड. विधवा बायकांनी कमलाबाईला धरून पाण्याजवळच्या पायरीवर नेऊन बसवलं. सवाष्णी लांब उभ्या राहिल्या, त्यांनी हे बघायचं नसतं, पण सगळ्या बघत होत्या. परितोष, रिना, मी आणि पुरुष माणसं झाडाखाली थांबलो. बांगड्या फोडायचा दगड माधवीच्या हातात दिला होता. कुणी दिला कोण जाणे, पण ज्याने दिला त्याने ठरवूनच दिला असणार.

गोसाईंनी तुळशीचं कुंडं पुढे केलं. "बोल बेटी. हात लाव आणि बोल."

कमलाबाईने तुळशीला हात लावला नाही. हात मांडीवर तसेच ठेवून ती आमच्या बोलीत म्हणाली, "मले माहीत होतं."

कुणाला कळलंच नाही आधी. गोसाई म्हणाले, घाबरली आहे, पुन्हा बोल. तेव्हा ती बंगालीत बोलली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला शब्द कळले नाहीत, पण मला माहीत होतं ती काय सांगते आहे. जाळं, तो माणूस, मुरमुरे, परितोषचं नाव. तळ्याच्या काठावर एक बाई हळूहळू खाली बसली. दुसरीने स्वतःच्या भांगावर हात ठेवला. रिना माझा दंड इतका घट्ट धरून होती की नंतर तिथे वळ उठला.

माधवीने विचारलं. तिचा मुलगा मराठी शाळेत शिकला, तीही बाजारात मराठीच बोलते, पण त्या वेळी ती मराठीत का बोलली कुणास ठाऊक. कदाचित आपल्या भाषेत ते तिच्याने बोलवलं नसेल.

"माह्या लग्नात तू माह्या भांगात सिंदूर घातला. तवाबी माहीत होतं?"

"होतं," कमलाबाई म्हणाली.

"माहा हात धरून घातला. म्हणाली, माह्यासारखी अखंड सौभाग्यवती हो. तवा?"

"तवाबी."

मला वाटलं ती आता तो दगड हिच्या डोक्यात घालते. कुणी अडवायला पुढे झालं नाही. माधवीने दगडाकडे बघितलं, मग तो तळ्यात फेकून दिला आणि पायऱ्या चढून निघून गेली. तिच्या मागोमाग बाकीच्या विधवा निघाल्या. मग सवाष्णी. गोसाईंनी तुळशीचं कुंडं उचललं, कमलाबाईकडे एकदा बघितलं, आणि तेही गेले. खालच्या पायरीवर ती एकटी उरली. आता हिच्या बांगड्या फोडायलाही कुणी नव्हतं.

मी पुढे जाणार होते. रिनाने मला सोडलं नाही.

कमलाबाईने दोन्ही मनगटं पायरीच्या कडेवर ठेवली. आणि आपटली. शंख लवकर फुटत नाही. पुन्हा आपटली, पुन्हा. लाल बांगडी आधी फुटली, मग पांढऱ्या. मनगटातून रक्त आलं. मग तिने तळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि भांग धुतला. इतक्या वर्षांचा सिंदूर, तो पाण्याने थोडाच जातो! ती धूत राहिली, चोळत राहिली, लाल पाणी कपाळावरून, गालांवरून खाली येत राहिलं. आणि मग तिने हाक मारली.

"सुबल!"

त्यांच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आमच्याकडे उखाण्यात तरी घेतात, त्यांच्यात तेही नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी ते नाव एकदाही ऐकलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलंही नसतं. आणि ती आता तळ्याकडे तोंड करून ओरडत होती, सुबल, ओ सुबल, अशी, एखादी तरुण बाई पलीकडच्या काठावरच्या माणसाला जेवायला बोलावते तशी. त्यानंतर ती रडली. त्या रडण्यात लाज नव्हती, मान नव्हता, ते कुणाला दाखवायचं नव्हतं आणि कुणापासून लपवायचंही नव्हतं. छाती बडवत, पायरीवर डोकं टेकवत ती रडत होती.

रिनाने माझा दंड सोडला आणि परितोषकडे बघितलं. तो झाडाखाली तसाच उभा होता. मला भीती वाटली की हाही जाईल. जायचा त्याला हक्क होता. सगळ्या कॅम्पात सगळ्यात जास्त खोटं त्यालाच सांगितलं गेलं होतं. तो पायऱ्यांपर्यंत आला आणि थांबला. नंतर चपला काढल्या, खाली उतरला, आणि आईच्या शेजारी ओल्या दगडावर बसला. तिला हात लावला नाही. नुसता पाण्याकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि पन्नाशीला आलेला तो माणूस बाबा, बाबा करत रडायला लागला. त्यालाही इतकी वर्षं बापासाठी कुणी रडू दिलं नव्हतं.